कॉन्फरन्स बंद करा म्हणणाऱ्या सिस्टरांनो, जरा थांबा

मे महिना आला की आमच्याकडे दोन गोष्टी ठरलेल्या असतात. १२ तारखेला परिचारिका दिनाचा केक, मेणबत्त्या, शपथ, फोटो. आणि त्याच्या मागंपुढं कुठल्यातरी नर्सिंग कॉन्फरन्सची नोटीस ड्युटी रूमच्या बोर्डावर लागते आणि तिच्याखाली उभं राहून भांडण सुरू होतं. (५ मे हा मिडवाइफ दिन, तो लेबर रूमवाल्यांनाही आठवत नाही, असो.) एक गट म्हणतो हा सगळा सर्टिफिकेटचा धंदा आहे, बंद करा, मोबाईलवर लेक्चर बघून सीएनईचे, म्हणजे नोकरीत राहून पुढं शिकण्याचे, तास भरून घेऊ. दुसरा गट म्हणतो असं कसं बंद करता, दर पाच वर्षांनी रजिस्ट्रेशन रिन्यू करायचं तर तास लागतातच की. म्हणजे बघा, दोन्ही गट तासांवरच भांडतायत. एकीला तास घरबसल्या हवेत, दुसरीला हॉटेलात जेवून हवेत. शिकायचं काय आणि ते कुठं शिकता येतं, यावर कुणी बोलतच नाही.

माझं मत आधीच सांगते. मी लेबर रूममध्ये बरीच वर्षं काढली, आता नर्सिंग स्कूलला शिकवते. नर्सेसनी आणि मिडवाइफनी एकत्र जमणं बंद होता कामा नये, उलट वाढलं पाहिजे, आणि ते रजा टाकून नाही तर ड्युटी म्हणून झालं पाहिजे. पण भाषणं ऐकायला नाही. आपल्या हातून काय चुकलं ते आपल्याच लोकांत बोलायला. ती जागा वॉर्डात नाही, मोबाईलवर तर नाहीच नाही.

आता समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते आधी कबूल करून टाकू, कारण त्यातलं बरंचसं मी डोळ्यांनी बघितलंय. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या हॉलमध्ये अशाच एका राज्यस्तरीय म्हणवणाऱ्या कॉन्फरन्सला गेले होते. सकाळी रजिस्ट्रेशनच्या टेबलावर ही गर्दी, बॅग, पेन, पॅड, चहा. उद्घाटन साडेनऊचं ते पाहुणे आले साडेअकराला, मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, अकरा जणांचा शाल-श्रीफळ सत्कार. पहिलं शास्त्रीय सत्र सुरू झालं तेव्हा मागून वरण-भाताचा वास यायला लागला होता. स्लाईड इंग्रजीत, एकेका स्लाईडवर वीस ओळी, आणि बोलणारे डॉक्टर. चांगले डॉक्टर होते, प्रश्न तो नाही. दुपारी साडेतीनला कुणीतरी कुजबुजलं की सर्टिफिकेट वाटायला सुरुवात झालीय आणि पाच मिनिटांत हॉल अर्धा रिकामा. बोलणारी पाठ्यनिर्देशिका बिचारी रिकाम्या खुर्च्यांना प्रीएक्लॅम्पसिया, म्हणजे गरोदरपणातला बीपी वाढण्याचा आजार, समजावत राहिली. मी पण उठले होते, खोटं कशाला सांगू, माझी सव्वाचारची एसटी होती.

तर हा तमाशा आहे हे मान्य. त्याला पैसे लागतात, ते खिशातून जातात, हेही मान्य. आणि सगळ्यात वजनाचा मुद्दा म्हणजे माणसंच नाहीत. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष जनरल हॉस्पिटलात पाच पेशंटमागे एक नर्स आणि टीचिंग हॉस्पिटलात तीनमागे एक असा आहे, आणि तो वाचून कुठल्याही नाईटवाल्या सिस्टरला हसू येईल. चाळीस पेशंटचा वॉर्ड एकटीवर सोडून मैत्रीण कॉन्फरन्सला गेली तर मागे राहिलेलीनं चिडू नये का? चिडावंच.

याहून अवघड मुद्दा आहे तो पुराव्याचा, आणि तो आपल्या भांडणात कुणी आणत नाही म्हणून मीच आणते. अशा शैक्षणिक मेळाव्यांचा प्रत्यक्ष कामावर परिणाम होतो का याचा आढावा कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेनं घेतलाय, आणि उत्तर येतं की होतो पण थोडा, साधारण ६ टक्क्यांच्या आसपास सुधारणा. त्याहून कडू गोळी म्हणजे उत्तर प्रदेशातला बेटरबर्थ नावाचा प्रयोग, २०१७ साली छापून आलेला. १२० सरकारी आरोग्य केंद्रं, दीड लाखाच्या वर बाळंतपणं, निम्म्या केंद्रांत लेबर रूमच्या सिस्टरांना चेकलिस्ट देऊन शेजारी उभं राहून आठ महिने कोचिंग. कोचिंग सुरू होऊन दोन महिने झाल्यावर बघितलं तर कोचिंगवाल्या केंद्रांत आवश्यक गोष्टींपैकी ७३ टक्के होत होत्या, बाकीच्यांत ४२. वा वा. पण कोचिंग संपल्यावर, सुरुवातीपासून वर्षाच्या टप्प्यावर, ७३ चे ६२ झाले, आणि आई-बाळांच्या मृत्यूंत दोन्हीकडे फरक पडलाच नाही. म्हणजे एवढं शेजारी उभं राहून शिकवून जर हे, तर तुमच्या एका दिवसाच्या कॉन्फरन्सनं काय दिवे लागणार?

मला हा प्रश्न खरंच छळतो. पण मी त्याच आकड्यांकडे उलट्या बाजूनं बघते. शिकवलेलं हातात येतं हे तर दिसलं ना? आणि शिकवणारी निघून गेली की ते ओसरतं हेही दिसलं. मग यातून निघतं काय, शिकवणं बंद करा की पुन्हा पुन्हा भेटा? मृत्यू कमी झाले नाहीत याचं कारण एकट्या सिस्टरच्या हातात नसतंच, रक्त नाही, भूलतज्ज्ञ नाही, ॲम्ब्युलन्स दोन तासांवर, हे कोण कोचिंगनं बदलणार. पण हातातलं ज्ञान तीन-सहा महिन्यांत गंजतं हे जर खरं असेल तर वर्षातून एकदा आठशे जणींना हॉलमध्ये कोंबणंही चूक आणि कुणालाच न भेटणंही चूक. चाळीस जणींनी दर तीन महिन्यांनी भेटणं बरोबर.

आता ऑनलाइनचं. लेक्चर ऐकायला ऑनलाइन उत्तम आहे, मी स्वतः रात्री भांडी घासताना ऐकते. नवी माहिती पोचवायला तर फारच सोयीचं. उदाहरण देते, लेबर रूममधला पार्टोग्राफ, म्हणजे बाळंतपण किती पुढं सरकलं ते मांडायचा तक्ता, आपण शिकलो तो गर्भाशयाचं तोंड चार सेंटिमीटर उघडलं की ॲक्टिव्ह फेज (खऱ्या कळांचा टप्पा) धरून, तासाला एक सेंटिमीटर, अलर्ट लाईन, ॲक्शन लाईन. डब्ल्यूएचओनं २०२० साली लेबर केअर गाईड आणलं, त्यात ॲक्टिव्ह फेज पाचपासून, आणि ती तासाला एक सेंटिमीटरची रेघच काढून टाकलीय कारण प्रत्येक बाई त्या रेघेप्रमाणे उघडत नाही. २००५ ला जीएनएमचा (नर्सिंगचा) डिप्लोमा झालेल्या सिस्टरला हे कुणी सांगितलं? अर्ध्या तासाच्या व्हिडिओत सांगता येईल की. येईल. पण मग तिचा खरा प्रश्न येतो, जो ती व्हिडिओला विचारू शकत नाही: 'मॅडम, मी पाचपर्यंत थांबले आणि आमच्या सरांनी चारलाच पिटोसिन (कळा वाढवायचं औषध) लावायला सांगितलं तर मी काय बोलू?' या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच स्लाईडवर नसतं, ते शेजारच्या तालुक्यातल्या त्या सिस्टरकडं असतं जिनं हे भांडण आधी एकदा केलंय. आणि ऑनलाइन मीटिंग उघडली की वर लाल ठिपका लागतो, रेकॉर्डिंग चालू आहे म्हणून. त्या लाल ठिपक्यासमोर कुठली सिस्टर म्हणेल की माझ्याकडून रक्तस्राव ओळखायला उशीर झाला?

इथं एक प्रसंग सांगते. एका उपजिल्हा रुग्णालयात आम्ही पंचवीस-तीस जणी जमलो होतो, ना बॅनर ना पाहुणे. जुन्या चादरी, पॅड, गॉज, दोन किडनी ट्रे, आणि बादलीभर लाल रंगाचं पाणी. मोजून मापून चादरीवर ओतलं, पॅड भिजवले, थोडं ट्रेमध्ये ठेवलं, थोडं फरशीवर. मग एकेकीनं यायचं, बघायचं आणि चिठ्ठीवर लिहायचं किती मिली. ओतलं होतं ८५०. चिठ्ठ्या उघडल्या तर ३००, ३५०, ४००, एक २५०. वीस वर्षं झालेल्या इन्चार्ज सिस्टरची चिठ्ठी ४०० ची. ती बराच वेळ चादरीकडं बघत उभी राहिली आणि मग म्हणाली, 'म्हणजे त्या बाईला मी नॉर्मल लॉस, नेहमीचाच रक्तस्राव, लिहिला होता तो.' कुठली बाई, कधी, कुणी विचारलं नाही. पण त्यानंतर तासभर ज्या गोष्टी निघाल्या त्या मी बावीस वर्षांत कुठल्या लेक्चरमध्ये ऐकल्या नव्हत्या. कुणी सांगितलं की कॉटखाली बादली असते आणि त्यात आधीच ॲम्नियॉटिक फ्लुइड (गर्भजल) असतं म्हणून अंदाज चुकतो, कुणी सांगितलं की रात्री पिवळ्या बल्बखाली रक्त काळपट दिसतं, कुणी म्हणाली मी नाडी बघते, चादर बघतच नाही.

हे काही आमच्याच डोळ्यांचं पाप नाही. बेळगावला या शतकाच्या सुरुवातीला जे संशोधन झालं त्यात बाळंतिणीच्या खाली ठेवायची, तळाशी मापाच्या खुणा असलेली प्लॅस्टिकची पिशवी वापरली गेली, आणि नुसत्या नजरेनं केलेला अंदाज पिशवीतल्या मापापेक्षा साधारण तिसऱ्या हिश्शानं कमी निघाला. त्याच भागात १६२० बायकांवरचा मिसोप्रोस्टॉल या रक्तस्राव रोखणाऱ्या गोळीचा अभ्यास २००६ साली लॅन्सेटमध्ये आला, गोळी दिल्यावर रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून साडेसहाच्या आत आलं. आणि ती गोळी कुणी दिली? घरी आणि उपकेंद्रात बाळंतपणं करणाऱ्या एएनएमनी, आपल्या आरोग्यसेविकांनी. पुढं २०२३ साली केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० हॉस्पिटलांत तशीच खुणांची पिशवी आणि पाच उपाय एकदम सुरू करायचे ही पद्धत तपासली, दोन लाखांवर बाळंतपणं, आणि गंभीर रक्तस्राव, त्यासाठीचं ऑपरेशन किंवा मृत्यू हे सगळं धरून ६० टक्क्यांनी कमी. बेळगाव कोल्हापूरपासून अडीच तासांवर आहे हो! तिथल्या आरोग्यसेविकांनी केलेलं काम आफ्रिकेला वळसा घालून आपल्यापर्यंत येतं, आणि तेही आलं तर. त्यातली एखादी एएनएम कोल्हापूर-सांगलीच्या कुठल्या नर्सिंग कॉन्फरन्सच्या स्टेजवर बसलेली तुम्ही कधी पाहिलीत? मी तरी नाही.

ज्ञान अंगणात असून घरात येत नाही ही गोष्ट नवीन नाही. व्हिएन्नाच्या जनरल हॉस्पिटलात १८४० च्या दशकात बाळंतपणाचे दोन विभाग होते, एक मेडिकलच्या विद्यार्थ्यांचा, दुसरा दाई होणाऱ्या विद्यार्थिनींचा. पहिल्यात बाळंतरोगानं शंभरातल्या दहाच्या आसपास बायका मरायच्या, दुसऱ्यात चारच्या आत. गावातल्या बायकांना हे माहीत होतं, दाईंच्या विभागात घ्या म्हणून त्या हातापाया पडायच्या. तिथल्याच सेमेलवाइस या डॉक्टरनं १८४७ मध्ये कारण शोधलं, विद्यार्थी शवविच्छेदन करून त्याच हातांनी तपासत होते, त्यानं क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि मृत्यू धाडकन खाली आले. पण हा माणूस चार लोकांत उभं राहून बोलायला नाखूष, पुस्तक लिहिलं ते १८६१ ला. चौदा वर्षं! तोपर्यंत इतर गावांतल्या बायका मरतच होत्या. हे सगळे सेमेलवाइसची शोकांतिका म्हणून सांगतात. मला मात्र दुसऱ्या विभागातल्या त्या दाया आठवतात. ज्यांच्या हाताखाली कमी बायका मरत होत्या त्यांना 'तुम्ही वेगळं काय करता' हे विचारणारी एक तरी बैठक झाली असेल का? त्यांना बोलायला स्टेजच नव्हतं. म्हणजे एकाकडं बोलायची जागा होती आणि त्यानं टाळली, दुसऱ्यांकडं जागाच नव्हती.

आपल्याकडच्या त्या जागा कशा तयार झाल्या हेही बघा जरा. १९०५ साली लखनौला नर्सिंग सुपरिंटेंडेंटची संघटना सुरू झाली तेव्हा मोजून नऊ जणी होत्या, त्याही युरोपियन. उद्देशांत एक होता एकत्र बसून विचारविनिमय करता यावा हा. त्यातूनच ट्रेन्ड (प्रशिक्षित) नर्सेस असोसिएशन उभी राहिली, १९१० पासून जर्नल निघालं, आणि नर्सेसची नोंदणी कायद्यानं व्हावी ही मागणी लावून धरली गेली. मद्रासला १९२६ ला कायदा आला, मुंबई इलाख्यात १९३५ ला, मग १९४७ चा नर्सिंग कौन्सिलचा कायदा, आणि आता २०२३ चा नर्सिंग अँड मिडवाइफरी कमिशनचा. म्हणजे ज्या रजिस्ट्रेशनच्या रिन्यूअलसाठी आपण तास मोजतोय ते रजिस्ट्रेशनच मुळात जमण्यातून आलंय. आणि पुण्यात सेवासदनातून रमाबाई रानड्यांनी बायकांना, त्यात विधवाही आल्या, नर्सिंग शिकायला ससूनला पाठवलं तेव्हा लोक काय म्हणत होते? बाई घराबाहेर कशाला, परक्या पुरुषांची शुश्रूषा कशाला. आज तेच वाक्य जरा कपडे बदलून येतं. सर कॉन्फरन्सला गेले की 'सर बाहेरगावी आहेत, सोमवारी या'. सिस्टर गेली की 'फिरायला गेली'. डॉक्टरांनाही मेडिकल कौन्सिलचे पाच वर्षांत ३० पॉइंट लागतातच, त्यांच्या कॉन्फरन्सलाही जेवणं असतात, औषध कंपन्यांचे स्टॉल तर किती, तिथंही सर्टिफिकेट घेऊन पळणारे असतात. म्हणून कुणी म्हणतं का डॉक्टरांनी जमणं बंद करा? आणि दुःखाची गोष्ट ही की आपल्याबद्दल हे आपणच म्हणतोय.

कुणी म्हणेल चुका बोलायला माता मृत्यू अन्वेषण आहे की, कमिटी आहे, फॉर्म आहे. आहे. त्या मीटिंगला मी बसलेय. टेबलाच्या एका बाजूला सगळे साहेब आणि दुसऱ्या बाजूला त्या रात्री ड्युटीवर असलेली सिस्टर, हातात केसपेपरच्या झेरॉक्स, घामेघूम. तिथं ती खरं बोलेल? ती स्वतःला वाचवेल, आणि मी असते तर मीही तेच केलं असतं. इंग्लंडमध्ये १९५२ पासून माता मृत्यूंची गोपनीय चौकशी चालते, नाव-गाव काढून, कुणाला शिक्षा करायला नाही तर शिकायला. केरळात तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २००४ पासून तेच सुरू केलं. २०१८ ते २० च्या आकड्यांत केरळचा माता मृत्यूदर लाख जिवंत जन्मांमागे १९ होता, आपला महाराष्ट्राचा ३३, देशाचा ९७. हे सगळं त्या एका गोष्टीमुळं असं मी म्हणणार नाही, केरळची गोष्ट फार मोठी आहे. आणि ३३ काही वाईट नाही. पण राहिलेल्या ३३ मधलं शिकणं हे सोपं शिकणं नाही, ते हँडओव्हरच्या दहा मिनिटांत, फोनवर 'सर लवकर या' म्हणायला झालेल्या उशिरात दडलेलं आहे, आणि ते फक्त भीती नसलेल्या खोलीतच बाहेर येतं.

मिडवाइफरीला तर हे दुप्पट लागू आहे. केंद्र सरकारनं २०१८ मध्ये मिडवाइफरी सेवेच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, दीड वर्षाचं नर्स प्रॅक्टिशनर मिडवाइफचं प्रशिक्षण आलं. हैदराबादच्या फर्नांडिस हॉस्पिटलनं २०११ पासूनच मिडवाइफ घडवायला घेतल्या होत्या, पुढं तेलंगणा सरकारनं ते करीमनगरपासून सरकारी हॉस्पिटलांत नेलं. आपल्याकडच्या सिस्टरला विचारा, ती म्हणेल आम्ही आरएनआरएम (नोंदणीकृत नर्स आणि नोंदणीकृत मिडवाइफ) आहोत, म्हणजे मिडवाइफच की. कागदावर हो. पण बाईला पाठीवर आडवं न झोपवता, पाय न बांधता, उकिडवं किंवा कुशीवर बाळंतपण होऊ द्यायचं, कात्री न लावता पेरिनियम (योनीमार्गाखालचा भाग) सांभाळायचा, ही हाताची कला आहे, ती करणारीच्या हातावर हात ठेवून येते. आमच्या आज्या उकिडव्याच बाळंत झाल्या, आणि आम्ही तीन वर्षं शिकून त्यांच्या नातींना लिथॉटमीत, पाठीवर पाय वर करून, बांधतो. करीमनगर नांदेडहून एका दिवसाच्या अंतरावर आहे. तिथल्या दोन मिडवाइफ बोलावल्या, एक मॅनेकिन ठेवला, तर शाल-श्रीफळाच्या खर्चात होईल.

मग माणसं नाहीत त्याचं काय? तो मुद्दा मी वर मान्य केलाय आणि मागे घेत नाही. पण माणसं नाहीत म्हणून शिकणं बंद हे उत्तर सोयीचं कुणाला आहे ते बघा. भरती न करणाऱ्यांना. आपण स्वतःहून 'आम्हाला शिकायला सोडू नका, वॉर्ड रिकामा पडतो' म्हटलं की त्यांचं काम झालं. चाळीस जणींची बैठक जवळच्याच रुग्णालयात, दोन तुकड्यांत, एक आज एक पुढच्या आठवड्यात, तर वॉर्ड रिकामा पडत नाही. हजेरी ऑन ड्युटी. मराठीत, कारण चूक कबूल करायची तर ती आईच्या भाषेतच करता येते, इंग्रजीत माणूस फक्त प्रेझेंटेशन करतो. बोलणाऱ्यांत निम्म्या तरी वॉर्डातल्या, आणि ब्रदर लोकांनाही (पुरुष नर्सेसना) बोलवा, ते कोपऱ्यात बसतात आणि त्यांना बरंच माहीत असतं. सर्टिफिकेट शेवटी द्या, सुरुवातीला द्या, मला फरक पडत नाही. आमच्या त्या लाल पाण्याच्या दिवशी सर्टिफिकेट नव्हतंच आणि पाच वाजून गेले तरी कुणी उठलं नव्हतं, शेवटी वॉचमननं दिवे घालवायला घेतले.

आणि हो, कुणी तो प्रयोग करणार असाल तर रंग खायचा घ्या, कुंकू कालवू नका, फरशीवरचा डाग जात नाही. आमच्या मेट्रन मॅडम अजून विचारतात तो कशाचा म्हणून.